ओरेस्टचा सहा बाय चारचा बोर्ड

माणसाने सभेत हात वर करू नये. करायचाच झाला तर आधी आपली सासू कुठे बसली आहे ते पाहून घ्यावं. ओरेस्ट डॅनिलचुकने एप्रिलच्या सभेत हात वर केला तेव्हा त्याची सासू बरोबर त्याच्या मागच्या खुर्चीवर होती आणि तिच्या काठीचं टोक त्याच्या खुर्चीच्या पायाला टेकलेलं होतं.

सभा टर्की पक्ष्याच्या जेवणाची आखणी करायला भरली होती. गव्हाच्या पट्ट्यातल्या पेल्टन गावात दर ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी, गहू-मसुराची कापणी आटोपली की हॉलच्या तळघरात हे जेवण होतं. चाळीस-चाळीस किलोमीटरवरून माणसं येतात आणि सहाशे पानं उठतात. तिकिटावर नंबर असतो. वर हॉलमध्ये बाकांवर बसून राहायचं आणि आपला नंबर पुकारला की आठ-आठ जणांनी खाली उतरायचं. हे पुकारण्याचं काम गेली एकतीस वर्षं ओरेस्टच्या सासूबाई, बोर्गहिल्ड ट्वेट, जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून करीत आल्या होत्या. माइक वगैरे काही नाही. एका वर्षी कुणीतरी हौसेने माइक आणला होता, तर तो चालू करताच पहिल्या तीन रांगांतल्या म्हाताऱ्यांची कानातली यंत्रं एकदम शिट्ट्या मारू लागली आणि अर्धा हॉल आग लागली समजून कोट शोधायला उठला. तेव्हापासून माइक कपाटात आणि बोर्गहिल्ड खुर्चीत. त्यांनी 'एकेचाळीस ते अठ्ठेचाळीस' म्हटलं की बाहेर मोटारीत झोपलेला माणूसही दचकून तिकीट चाचपायचा.

जानेवारीत त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. उरला होता तो पिठाची चाळणी हलवल्यासारखा एक खसखसाट. सभेच्या अध्यक्षा फिलिस कोनिग यांनी हा विषय फार हळुवारपणे काढला. बोर्गहिल्डला आता विश्रांतीची गरज आहे, खुर्चीचा भार आपण उचलायला तयार आहोत, असं त्या म्हणाल्या. फिलिसबाई चर्चच्या गायकवृंदात होत्या आणि साधं 'मीठ द्या' सुद्धा सुरात मागत. नंबरही त्या गाऊनच पुकारणार यात कुणाला शंका नव्हती.

बोर्गहिल्डनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. एकतीस वर्षांत त्यांच्यापुढे या सभेत कुणाची टाप नव्हती. पण आज नुसता खसखसाट झाला आणि पुढच्या रांगेतल्या एकाने 'काय म्हणाल्या?' असं शेजाऱ्याला विचारलं. त्यांनी तोंड मिटलं आणि जमिनीकडे पाहिलं. ओरेस्टने नेमकं त्याच वेळी मागे वळून पाहिलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात त्याने सासूला जमिनीकडे पाहताना कधी पाहिलं नव्हतं. त्याचा हात वर गेला.

तो म्हणाला, मी यंत्र करतो. आई खुर्चीतच बसतील, बटण दाबतील, भिंतीवर लाल दिव्यांचे आकडे उजळतील. आवाजाची गरजच नाही. टाळ्या पडल्या. ठराव लिहिला गेला तो असा: 'बोर्गहिल्डबाई दाबतील आणि पुढचा नंबर सर्वांना कळेल असं साधन ओरेस्ट डॅनिलचुक तयार करील.' त्याखाली फिलिसबाईंनी एक पोटकलम घालून घेतलं. साधन जेवणाच्या दिवशी तयार नसेल तर खुर्ची फिलिसची.

घरी जाताना ओरेस्टला वाटलं, सासूबाई काहीतरी बोलतील. त्या नॉर्वेच्या वळणाच्या. त्यांच्या घराण्यात कौतुकाची सर्वांत वरची पायरी म्हणजे 'फार वाईट नाही'. ही पदवी ओरेस्टच्या माहितीत त्यांनी आजवर दोघांनाच दिली होती: जत्रेत पहिला आलेल्या एका वळूला आणि ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला. ओरेस्टच्या वाट्याला फक्त 'माणूस शांत आहे' एवढंच आलं होतं, आणि तेही लग्नात. मोटारीतून उतरताना त्या नुसतं 'बघू' असं खसखसल्या.

ओरेस्ट गावाच्या पाणीखात्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाला होता आणि गॅरेजमध्ये दिवे, तारा आणि सुटे भाग घेऊन बसणं हा त्याचा छंद होता. टपालपेटी उघडली की स्वयंपाकघरात दिवा लागावा असं एक यंत्र त्याने केलं होतं. ते वारा सुटला की लागे आणि पोस्टमन आला की विझे. तरीही नंबराच्या यंत्राचं रेखाटन त्याने आठ दिवसांत संपवलं आणि ते खरोखर चांगलं होतं. आता उरला होता फक्त सर्किट बोर्ड. म्हणजे रेडिओ उघडला की आत दिसते ती तांब्याच्या रेघांची हिरवी पाटी. हल्ली ती घरी करावी लागत नाही. संगणकावर नकाशा काढायचा, कारखान्याला पाठवायचा, ते पाटी बनवून टपालाने धाडतात. फक्त कारखाना निवडायचा. इथे घोडं पेंड खायला लागलं.

दर गुरुवारी सकाळी सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर पेल्टनचं इलेक्ट्रॉनिक मंडळ बसत असे. ओरेस्ट धरून सभासद चार. त्याने विषय काढला आणि चौघांत चार धर्म निघाले.

मिल्टन फर्च हा ऐंशी वर्षांचा जुना रेडिओ-दुरुस्तीवाला. त्याच्या मते बोर्ड विकत घेणारा माणूस हा विकतचे लाडू आणून 'मी केले' म्हणणाऱ्यातला. बोर्ड घरीच करावा, आइसक्रीमच्या रिकाम्या बादलीत अम्ल ओतावं, तांब्याचा पत्रा बुडवावा. अनुभवाचा पुरावा म्हणून त्याने उभं राहून पँटची भोकं दाखवली. ड्वेन इस्बिस्टर शेतीची अवजारं विकायचा. त्याचं म्हणणं, देशाचा पैसा देशात राहावा, ओंटारिओत एक उत्तम कारखाना आहे. ओरेस्टने तिथे फोन केला. बाईंनी अगत्याने विचारलं, किती हजार नग? ओरेस्ट म्हणाला, एक. बाई म्हणाल्या, एक हजार. ओरेस्ट म्हणाला, नाही, एक. त्यानंतर बराच वेळ फोनवर संगीत वाजत होतं.

तिसरे दातांचे डॉक्टर फाम. त्यांच्या ड्रॉवरमध्ये चीनहून मागवलेले बोर्ड नाण्यांसारखे खुळखुळत.

"पाच मिळतात," फाम म्हणाले. "पाचाच्या खाली कुणी करतच नाही."

"मला एकच हवाय."

"बरं झालं ना मग. पहिला सगळ्यांचाच चुकतो."

फाम हे सहज बोलून गेले, पण ओरेस्टच्या ते जिव्हारी लागलं. तीस वर्षं ज्याच्या नकाशावर गावाचं पाणी वाहिलं त्याचा पहिला चुकतो? त्याने त्याच क्षणी ठरवलं की पहिलाच बोर्ड असा करायचा की उरलेले चार फामना भेट देता येतील.

वर मिल्टनने जाता जाता आणखी एक पिल्लू सोडून दिलं. बटणाची थरथर सांभाळ, म्हणाला. माणूस बटण एकदाच दाबतो, पण आतली पत्री थरथरते आणि यंत्राला वाटतं तीनदा दाबलं. मग आठाचा नंबर लागायच्या आधी चोविसाचा लागतो आणि जिन्यात मारामारी. खरं दाबणं कुठलं आणि नुसती थरथर कुठली हे यंत्राला कळलं पाहिजे. ओरेस्टने ते लिहून घेतलं.

मग सुरू झाली पाहणी. उपवर मुलीला स्थळं पाहावीत तसे त्याने कारखाने पाहिले. जुलैच्या अखेरीस त्याच्या वहीत तेवीस नावं होती. तांबं किती जाड, पाटी किती जाड, किती दिवसांत देतात, कोपरे गोल करतात की टोकदार, पत्राला उत्तर देतात का, दिलं तर त्यात 'कृपया' असतं का. एका कारखान्याचं सगळं जुळलं, पण त्यांच्या संकेतस्थळावरचा माणूस फार हसत होता म्हणून ते स्थळ नाकारलं. बायको कॅरल एक दिवस म्हणाली, "ओरेस्ट, माझ्याशी लग्न करायचं हे ठरवायला तुला अकरा दिवस लागले होते."

"तेव्हा माहिती कमी होती," ओरेस्ट म्हणाला, आणि पुढचे दोन दिवस स्वतःचं जेवण स्वतः गरम करून जेवला.

ऑगस्ट रंगात गेला. बोर्डाला वरून रंग देतात. हिरवा पटकन मिळतो, पण हिरवा सगळ्यांचाच असतो. जांभळा उठून दिसतो, पांढऱ्यावर डाग पडतात, काळ्यावर रेघा दिसत नाहीत. यावर मंडळाच्या तीन बैठका झाल्या आणि ड्वेन आणि मिल्टन एका गुरुवारी एकमेकांशी न बोलता उठले. रविवारी सासूबाई जेवायला आल्या तेव्हा ओरेस्टने त्यांनाही विचारलं.

"डब्यात असणार ना तो?" त्या खसखसल्या.

"हो."

"झाकण लावून?"

"हो."

त्यांनी बटाटे वाढून घेतले. ओरेस्टने मनाशी म्हटलं, यांना काय कळणार. पण सासूबाईंनी उठताना कॅलेंडरचं पान उचलून ऑक्टोबर पाहिला आणि पान हळूच सोडलं, ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. त्याला आपली लाज वाटली. हिरवा ठरला.

दुष्काळात तेरावा महिना म्हणून फिलिसबाईंचं पत्र आलं. हॉलच्या भिंतीतली वीज वापरायची तर साधनावर तपासणीचं चिकटपत्र हवं, त्यासाठी अर्ज, अर्जासोबत दोन नकाशे आणि तपासनीस येतो तो मार्चमध्ये. ओरेस्टने दात खाऊन यंत्र बॅटरीवर चालेलसं केलं. त्यात आणखी नऊ दिवस गेले.

शेवटी नऊ सप्टेंबरला स्थळ ठरलं. शेंझेनचा एक कारखाना, आणि तो ठरला विनी नावाच्या बाईंमुळे. ओरेस्टच्या सव्वीस प्रश्नांना त्यांनी अकरा मिनिटांत सव्वीस उत्तरं दिली होती आणि सुरुवात 'प्रिय ओरेस्ट सर' अशी होती. त्याला आजवर सर कुणी म्हटलं नव्हतं, पाणीखात्यात तर नाहीच. त्याने रेखाटन पाठवलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात पांढऱ्या शाईने दोन शब्द छापायला सांगितले होते, ते त्याने कुणालाच दाखवले नाहीत. मग फॉर्ममध्ये लांबी-रुंदीचे रकाने आले. ओरेस्टने लिहिलं सहा, आणि लिहिलं चार. पाठवलं.

आता पेल्टनच्या माणसाला मापाबद्दल कुणी नावं ठेवू नयेत. तिथे रस्ता किलोमीटरमध्ये असतो आणि त्या रस्त्यावरून आणलेली फळी इंचात. बाहेरची थंडी एका मापात मोजतात आणि भट्टीतली टर्की दुसऱ्या. दूध लिटरने घेतात आणि ते पिणारं बाळ पौंडात वाढतं. जन्मभर या गोंधळात पोहलेल्या माणसाला माप विचारण्याची गरजच वाटत नाही, ते त्याला आपोआप कळतं. बोर्ड तळहाताएवढा, तेव्हा सहा म्हणजे सहा इंच, आणखी काय असणार? रकान्याशेजारी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत मिलिमीटर लिहिलेलं होतं, पण ओरेस्टचा चष्मा त्या वेळी कपाळावर होता. उलट भाव इतका कमी आला की त्याने कॅरलला हाक मारून दाखवला. चार महिने चौकशी केली त्याचं हे फळ, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विनीबाईंचं पत्र आलं. 'प्रिय ओरेस्ट सर, आपला बोर्ड फार नाजूक आणि सुंदर आहे. सहा आणि चार हे माप बरोबर आहे ना? भोकं इतकी बारीक आहेत की तशी सुई आमच्याकडे नाही. ती सोडून द्यावी लागतील. कृपया एकदा पाहून घ्यावं.'

पाहून घ्यावं हे शब्द ओरेस्टला झोंबले. त्याला फाम आठवले, सासूबाईंचं 'झाकण लावून' आठवलं. एवढ्या मोठ्या कारखान्यात सुई नाही म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. त्याने उत्तर धाडलं की मी तीस वर्षं नकाशे वाचले आहेत, माप आहे तेच आहे, शंका घेऊ नये. भोकं तुमच्याने होत नसतील तर राहू द्या, दातांचे डॉक्टर माझे स्नेही आहेत. विनीबाईंनी लिहिलं, 'प्रिय ओरेस्ट सर, जशी आपली इच्छा. डॉक्टरांना नमस्कार.'

पार्सल निघालं आणि शहरातल्या कुरियरच्या गोदामात अडकलं. वस्तू कशासाठी आणली या रकान्यात ओरेस्टने खरं ते लिहिलं होतं: टर्कीच्या जेवणासाठी. त्यामुळे ते खाद्यपदार्थांच्या ढिगात गेलं. तिथल्या माणसाचा फोन आला.

"शिजवलेलं आहे की कच्चं?"

"तांब्याचं आहे," ओरेस्ट म्हणाला.

"म्हणजे भांड्यासकट?"

पुढचे अकरा दिवस रोज फोन, रोज नवा माणूस आणि रोज टर्कीपासून सुरुवात. पार्सल सुटून पेल्टनला पोचलं तेव्हा गुरुवार उजाडला होता. जेवण रविवारी होतं.

ओरेस्टने ते कॉफीच्या टेबलावर, मंडळाच्या साक्षीने उघडलं. बूट येतील एवढं खोकं. आत स्पंज, स्पंजात पिशवी, पिशवीत पिशवी. ती त्याने बशीवर उलटी केली. काही पडलं नाही. ड्वेन म्हणाला, रिकामी धाडली, मी आधीच सांगितलं होतं. फामनी मात्र खिशातून दात तपासायचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि बशीवर वाकले.

"आलेत," ते म्हणाले. "चार आहेत."

मसुराच्या दाण्याएवढे. हिरवे, चकचकीत, चारही कोपरे गोल केलेले. ओरेस्ट खाली बसला, आणि तो खुर्चीवरच बसला हे त्याचं नशीब. पाचवा कुठे गेला याचा शोध सुरू झाला तेव्हा मिल्टनने तोंडातला बनचा घास चावायचा थांबवला. जरा कडक लागलं खरं, असं तो म्हणाला, आणि मग गिळलं.

"काम अप्रतिम आहे," फाम भिंगातून पाहत म्हणाले. "दातात बसवलं असतं तर मला अभिमान वाटला असता. कोपऱ्यात काहीतरी लिहिलंय, पण ते या भिंगाला दिसत नाही."

"भोकं पाडून द्याल?" ओरेस्टने खालच्या आवाजात विचारलं. फामनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर लोक असा हात ठेवतात तेव्हा उत्तराची वाट पाहायची नसते.

शुक्रवारी मिल्टनच्या धर्माला शरण जाणं भाग पडलं. तो अम्लाची बाटली घेऊन ओरेस्टच्या गॅरेजमध्ये आला. आता पेल्टनमध्ये आइसक्रीमची रिकामी बादली कुणी टाकून देत नाही. तिच्यात खिळे राहतात, बटणं राहतात, कोबी राहतो. कॅरलने जेवणासाठी काकड्यांचं लोणचं घालून गॅरेजच्या गारव्यात अशा सहा बादल्या ठेवल्या होत्या. मिल्टनने अम्ल ओतून सातवी त्यांच्या शेजारी ठेवली, दोघे चहाला आत गेले आणि बाहेर येऊन त्यांनी अत्यंत काळजीपूर्वक, हातमोजे घालून, तांब्याचा पत्रा बुडवला. चाळीस मिनिटं मिल्टन बादली हलवत बसला. पत्रा बाहेर काढला तो नव्या घागरीसारखा लखलखत होता. नको असलेलं तांबं जागेवर होतं आणि शाईने काढलेल्या रेघा तेवढ्या धुऊन गेल्या होत्या. "अम्ल जुनं झालंय," असं म्हणून मिल्टनने वास घेतला. त्याला लोणच्यातल्या शेपूचा वास आला.

कॅरलने काकड्यांची ती बादली ओतून टाकली, अम्लाची बादली मिल्टनच्या हातात दिली आणि त्याला फाटकापर्यंत पोचवून आली. मग ओरेस्टला म्हणाली, "आईला सांगितलंस?"

"उद्या सांगतो."

"तिने निळा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय."

शनिवारीही त्याने सांगितलं नाही. दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला.

रविवारी दुपारी चारला तो हॉलवर पोचला तेव्हा अर्धी बाकं भरली होती आणि तळघरातून टर्कीचा आणि कोबीच्या गुंडाळ्यांचा वास वर येत होता. जिन्याच्या तोंडाशी खुर्चीवर बोर्गहिल्ड बसल्या होत्या. निळा ड्रेस, केस नीट बसवलेले, दोन्ही हात काठीवर. पलीकडे फिलिसबाई कोमट पाण्यात मध घालून घोट घेत उभ्या होत्या. ओरेस्ट खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिला.

"आई, यंत्र झालं नाही."

त्यांनी मान वर केली. "का?"

"माप चुकलं."

"किती?"

"पंचवीस पट."

"मोठं की लहान?"

"लहान."

त्यांनी मान पुन्हा समोर वळवली. ओरेस्टला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काठीवरचे हात थरथरत होते. ते जानेवारीपासून थरथरत होते, पण त्याने ते आज पाहिलं, कारण इतके महिने तो तांब्याची जाडी पाहत होता. फिलिसबाईंनी पेला खाली ठेवला आणि त्या अगदी प्रेमळ चेहऱ्याने पुढे आल्या. म्हणाल्या, बोर्गहिल्ड, चल गं, तुला पुढच्या बाकावर बसवते.

बोर्गहिल्डनी खुर्ची सोडली नाही. त्यांनी काठी उचलली आणि तिचं टोक ओरेस्टच्या बरगडीत खुपसलं.

"बोल," त्या खसखसल्या. "एक ते आठ."

"एक ते आठ," ओरेस्ट म्हणाला. पाणीखात्याच्या खिडकीत तीस वर्षं ज्या आवाजात तो 'पुढच्या सोमवारी या' म्हणत आला होता, त्या आवाजात. पहिल्या बाकावरच्या बाईंनी 'काय झालं?' म्हणून विचारलं. काठी पुन्हा आली, या वेळी दोन बोटं अधिक आत.

"एक ते आठ!"

बाकांवरच्या सगळ्या माना वळल्या. हा आवाज आपलाच आहे हे ओरेस्टला जरा उशिरा कळलं. मागच्या बाकावरून आठ माणसं उठली आणि तिकिटं दाखवत जिन्याकडे निघाली.

फिलिसबाई म्हणाल्या, हे ठरावाला धरून नाही, ठरावात साधन म्हटलं आहे. त्यांनी पिशवीतून वहीच काढली. बोर्गहिल्डनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटाने खूण करून त्यांनी ड्वेनला बोलावलं आणि वही त्याच्या हातात द्यायला लावली. ड्वेनने मोठ्याने वाचलं: बोर्गहिल्डबाई दाबतील आणि पुढचा नंबर सर्वांना कळेल असं साधन.

बोर्गहिल्डनी काठी दाबली.

"नऊ ते सोळा!" ओरेस्ट ओरडला.

"दाबलं," ड्वेन म्हणाला. "कळला. मला तर बाहेरही कळला असता."

मिल्टनने बसल्या जागेवरून अनुमोदन दिलं. त्याचं तिकीट बारा नंबरचं होतं आणि त्याला भूक लागली होती. फिलिसबाईंनी उरलेलं मधाचं पाणी पिऊन टाकलं. पाण्याला दोष कशाला द्या.

नंतर काम सुरळीत चाललं. पंचाहत्तर वेळा काठी आली आणि पंचाहत्तर वेळा आवाज निघाला. मिल्टन जिन्यात वळून ओरेस्टच्या कानाशी पुटपुटला होता, थरथर सांभाळ. तीनशेचा नंबर ओलांडल्यावर म्हातारीचा हात थकला. काठी बरगडीवर एकदा टेके आणि मग दोन-तीनदा नुसतीच टकटक करी. पहिल्यांदा ओरेस्ट गडबडला आणि त्याने दोन नंबर एकदम सोडले. जिन्यात सोळा माणसांची कोंडी झाली आणि कुणाचा तरी जेलीचा वाडगा गेला. मग त्याला जमलं. कुठलं दाबणं आहे आणि कुठलं नुसतं वय आहे हे बरगडीला कळू लागलं. टकटक थांबेपर्यंत तो उभा राही, थांबली की एकदाच ओरडे. कुणालाही वाटलं असतं, बाईंचा हात अगदी स्थिर आहे.

शेवटचे आठ खाली गेले तेव्हा त्याचा घसा पार बसला होता. परत जाताना कॅरल मोटार चालवत होती आणि मागे दोघं खसखसत होती. काय बोलतात ते तिला ऐकू येत नव्हतं. आपल्या घराशी उतरताना बोर्गहिल्डनी दाराला धरून तोल सावरला.

"आज फार वाईट नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि दार लावून आत गेल्या. स्वतःच्या घरी पोचल्यावरही ओरेस्ट बराच वेळ मोटारीतून उतरलाच नाही.

त्याने विनीबाईंना क्षमेचं पत्र लिहिलं, सोबत फूटपट्टीशेजारी ठेवलेल्या दाण्याचा फोटो. नोव्हेंबरमध्ये पहिला बर्फ पडल्यावर नवं पार्सल आलं, रकान्यात या वेळी नुसतं 'सुटे भाग' असं लिहून. सहा इंच बाय चार इंच, भोकांसकट, पाच. 'प्रिय ओरेस्ट सर, या वेळी मी तीनदा पाहिलं.' ओरेस्ट एक बोर्ड घेऊन सासूबाईंकडे गेला. सांगितलं, आता पुढच्या वर्षी खरं यंत्र होईल, बटण दाबलं की आकडे.

त्यांनी बोर्ड खिडकीशी नेला, चष्मा बदलला आणि कोपऱ्यातले पांढरे दोन शब्द वाचले. तिथे छापलं होतं: 'बोर्गहिल्डचा आवाज'.

मग त्यांनी बोर्ड टेबलावर ठेवला आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला. तो अगदी मापात बसला.

"हा नाही," त्या खसखसल्या, आणि काठीचं टोक ओरेस्टच्या बरगडीत दाबलं. "हा."

ओरेस्टला काहीतरी योग्य बोलायचं होतं. पण सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "एक ते आठ."